गेनूभाऊ, मंडळाची सभा झाली

गेनूभाऊ,

घोडेगावच्या शोकसभेत लोक तुमच्याबद्दल इतकं गोड बोलले की मला मधेच शंका आली, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या सभेला तर आलो नाही ना. एकजण म्हणाला, तुम्ही मितभाषी होतात. तुम्ही! तुमचा आवाज गुरांच्या बाजारात या टोकाला निघाला की त्या टोकाची म्हैस मान वळवायची. दुसऱ्यानं सांगितलं, तुमचा कधी कुणाशी वाद झाला नाही. मी मागे बायकांत, तुमच्या हिराबाईंच्या शेजारी बसले होते. त्यांनी डोळ्यांवरचा पदर बाजूला करून माझ्याकडं पाहिलं, आणि तेवढ्या दुःखातही आम्हां दोघींना हसू आवरेना. आपला वाद तर चालूच होता, गेनूभाऊ. तो अर्धा टाकून तुम्ही निघून गेलात.

म्हणून हे लिहायला बसले. तुमचं गाव, जमीन, भाऊबंद, ते सांगणारे सांगतील. मला तुमच्याशी बोलायचं आहे.

तुम्ही पहिल्यांदा माझ्यासमोर उभे राहिलात ते नगरला, माझ्या शाळेत, शाळा सुटल्यावर. मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवते आणि मुंबईला जाऊन बोलण्यातल्या दोषांचं थोडं शिक्षण घेऊन आलेली असल्यामुळं संध्याकाळी तोतरी, बोबडी, जड जिभेची मुलं माझ्याकडं येतात, हे तुम्हांला कुणीतरी सांगितलं होतं. डोक्याला पटका, अंगाला बाजाराचा वास आणि बोटाला धरलेली सहा वर्षांची पुष्पा. तिचा वरचा ओठ जन्मतःच फाटलेला होता आणि पुण्याच्या डॉक्टरांनी तो सुरेख शिवला होता.

"बाई, टाका तर झ्याक पडलाय," तुम्ही म्हणालात. "आता तेवढी बोलती करा."

मी तिला नाव विचारलं. ती जे म्हणाली ते मला "उन्ना" असं ऐकू आलं. त्यात प नव्हता, ष नव्हता, सगळा वारा नाकातून. मी टॉर्च काढला आणि तिला तोंड उघडायला सांगितलं. वरची टाळू पार पडजिभेपर्यंत दुभंगलेली होती.

"टाळू शिवायची राहिलीये," मी म्हणाले. "प म्हणायला तोंडात हवा कोंडावी लागते. हिची हवा नाकातून निघून जाते. टाळू शिवल्याशिवाय मी कितीही शिकवलं तरी उपयोग नाही."

"डाक्टर म्हनला, झालं."

"ओठाचं झालं, असं म्हणाले असतील."

तुम्ही रागावलात. गुरांचा दलाल माणूस, अर्ध्या वाक्यावर सौदा मोडायची सवय. "जनावराचं तोंड मी रोज बघतो, बाई. माझ्या पोरीचं असं ब्याटरी मारून अजून कुनी बघितलं न्हवतं." पटका सारखा केलात आणि चालायला लागलात. दारापर्यंत गेलात, आणि तिथूनच परत फिरलात. "दावा मला बी."

मी टॉर्च तुमच्या हातात दिला. तुम्ही गुडघ्यावर बसून किती तरी वेळ वाकून पाहत राहिलात. पुष्पा दमली, पण तिनं तोंड मिटलं नाही. "आयला," एवढंच म्हणालात, अगदी हळू. मग तिला उचलून खांद्यावर घेतलंत आणि निघून गेलात. मला वाटलं, गेले हे, आता परत येत नाहीत. पण सुगी संपायच्या आत पुष्पाची टाळूही शिवून झाली आणि तुम्ही तिला घेऊन माझ्या दारात हजर झालात.

ते दिवस मला फार आवडतात. टेबलावर कापसाचा बोळा ठेवायचा आणि पुष्पानं फुंकून तो पलीकडं ढकलायचा. पहिल्या दिवशी कापूस हललाही नाही. तुम्ही शेजारी बसून स्वतःच फुंकर मारायचात आणि बोळा खिडकीबाहेर घालवायचात. मी तुम्हांला दोनदा वर्गाबाहेर काढलं. मग एक दिवस कापूस सरकला. मग पिपाणी वाजली. मग पुष्पा "पा" म्हणाली, मग "पापड", आणि शेवटी स्वतःचं नाव. तिच्या बोलण्यात थोडा नाकाचा सूर राहिला, तो राहणारच. टाळू उशिरा शिवली होती. पण ती दुकानात जाऊन गूळ मागायची आणि दुकानदार गूळच द्यायचा. तुम्ही हे मला सांगितलंत तेव्हा तुमचे डोळे भरून आले होते. तुम्ही म्हणालात, धूळ गेली. घोडेगावची धूळ नगरला माझ्या वर्गात तुमच्याच डोळ्यांत कशी गेली, हे मी विचारलं नाही.

तिथून आपला वाद सुरू झाला.

बाजाराच्या दिवशी तुम्ही लिंबाखाली बाज टाकायचात, त्यावर पुष्पाला बसवायचात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायचात. बैलाचा सौदा रुमालाखाली बोटं धरून गुपचूप व्हायचा. हा व्यवहार मात्र सगळ्यांदेखत. "ह्यी बघा माझी पोरगी. हिचा व्हट फाटका हुता, टाळू फाटकी हुती. आता बघा!" असं म्हणून तिची हनुवटी धरून तोंड वर करायचात. "कुनाच्या घरात आसंल असं लेकरू तर दडवू नगा. मला सांगा."

मी एकदा मुद्दाम बघायला आले. एसटीतून उतरले आणि लांबूनच तुमचा आवाज ऐकू आला. लोक गोळा झाले होते. पुष्पा बाजेवर पाय हलवत बसली होती. माझ्या अंगाला कापरं भरलं.

"ही काय विकायला आणलीये का?" मी तुम्हांला बाजूला घेऊन विचारलं.

"बाई, दडवलं का लाज वाढती. उघडं केलं का संपती."

"कुणाची संपते? तुमची का तिची? तिला विचारलंत?"

"ल्हान हाय ती. तिला काय इचारायचं?"

"तोंड तिचं आहे, गेनूभाऊ. तिला इथं बसवूच नका."

तुम्ही मला चहा पाजलात आणि पुन्हा जाऊन ओरडायला लागलात. राग यावा असंच वागलात. पण खरं तेही सांगते: त्या दिवशी माझ्यादेखत एक म्हातारा गर्दी पांगेपर्यंत थांबला आणि मग तुमच्या कानाशी लागून म्हणाला, माझ्या नातवाचं असंच हाय. त्या नातवाला पाच वर्षांत कुणी ओसरीवर आणलं नव्हतं. तुम्ही ओरडला नसतात तर तो अजून आतच असता. माझा प्रश्न मात्र तसाच राहिला.

मग दुष्काळ आला. बाजारात जनावरं यायची ती विकायला. घेणारा कुणी नाही. तुमचा धंदा बसला. तुम्ही सायकल काढलीत आणि दुष्काळी कामांवर फिरायला लागलात. मला म्हणालात, "बाई, घरात दडवलेलं पोर घरात सापडत न्हाई. आता आख्खं गाव माळावर खडी फोडतंय. पोरं झोळीत, बाभळीखाली. दडवायचं कुटं?" उन्हानं काळेठिक्कर पडला होतात, पण इतके खुशीत मी तुम्हांला क्वचित पाहिलं.

नेवाशाकडं एका पाझर तलावाच्या कामावर तुम्हांला शेवंता भेटली. झोळीवर तिनं लुगडं असं घट्ट बांधलं होतं की आत वारासुद्धा जाणार नाही. तुम्ही ते सोडायला लावलंत. आत चार महिन्यांचं पोर, नुसता हाडांचा सापळा, ओठ आणि टाळू दोन्ही फाटलेले. पुढच्या रविवारी तुम्ही त्या दोघांना ट्रकमध्ये बसवून माझ्या घरी घेऊन आलात.

शेवंता विशीतली असेल. मान वर करेना. "ह्यो पोटात हुता तवा माझ्या हातून गिरानात भाजी चिरली गेली," ती जमिनीकडं बघत म्हणाली. "म्हनून असं झालं. सासू म्हनती, दूध नाकातून येतंय तर ऱ्हाऊ दे. जगायचं नसंल त्याला."

"मी गिरानात बैल इकलाय," तुम्ही म्हणालात. "बैलाला काय झालं न्हाई, मला न्हाई, घेनाराला बी न्हाई. भाजीनं काय हुतंय? बाईंकडं बघ आता."

मी पोराला मांडीवर घेतलं. आडवं धरलं तर दूध नाकात जातं, म्हणून उभं धरायचं, बोंडल्यानं थोडं थोडं दूध गालाच्या बाजूनं सोडायचं, गिळेपर्यंत थांबायचं, मग पाठीवरून हात फिरवायचा. मुंबईला एका नर्सनं मला हे शिकवलं होतं. पोरानं एक घोट गिळला. नाकातून काही आलं नाही. दुसरा गिळला. शेवंतानं तेव्हा प्रथमच वर पाहिलं. "आता म्या करते," ती म्हणाली आणि माझ्या हातातून बोंडलं घेतलं.

पुण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पोराचं वजन भरल्याशिवाय ते ऑपरेशनला हात लावणार नाहीत. ते बरोबरच होतं. पण वजन भरणार कशानं? दिवसभर खडी फोडून आणि कामावर मिळणारी सुकडी खाऊन शेवंताचं दूध आटत चाललं होतं. तुम्ही बाजारातून एक नुकती व्यालेली शेळी ओढत त्या माळावर नेलीत. कुठून आणली, कशी आणली, मी विचारलं तर म्हणालात, "शेळी पोराची हाय. तुमी नुसतं दूध उकळाया सांगा." तिच्या चाऱ्याला बाभळीच्या शेंगा वेचून आणायला तुम्ही तिथल्या बायकांना लावलंत. सगळ्या कामावरची ती शेळी लाडकी झाली. पोर धरत गेलं. आधी रडण्यात जोर आला, मग मांड्यांना वळ्या पडल्या. तुम्ही दर आठवड्याला सायकलवर जायचात आणि बैलाला हातानं अजमावावं तसं पोराला उचलून अंदाज घ्यायचात.

पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच डॉक्टरांनी नगरच्या दवाखान्यात येऊन त्याचा ओठ शिवला. पट्टी निघाली तेव्हा शेवंतानं त्याच्याकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं आणि रडायला लागली. तुम्ही गोंधळलात. "आगं, झ्याक झालंय की!"

"झालंय," ती म्हणाली. "पन त्यो आधीचा बी मला चांगला दिसत हुता. त्यो गेला न्हवं."

 आपल्याला कुणालाच हे कधी सुचलं नव्हतं.

शेवंता त्यानंतर घरी बसली नाही. कुणाकडं फाटक्या ओठाचं मूल जन्मलं असं कळलं की ती बोंडलं घेऊन निघायची. तिच्यामुळं आया येऊ लागल्या, तुमच्यामुळं बाप. महिन्याच्या शेवटच्या रविवारी माझ्या वर्गात सगळे जमायचे, आणि त्यालाच आपण ओठ-टाळू पालक मंडळ म्हणायला लागलो. नाव मी ठेवलं. तुम्हांला ते आवडलं नव्हतं. म्हणालात, दुकानाच्या पाटीवानी वाटतंय.

याच सुमारास पुण्या-मुंबईच्या सर्जन आणि दातांच्या डॉक्टरांच्या संघटनेची बैठक नगरला भरली. हे काम करणारे सगळे एका छताखाली येणार होते आणि त्यांनी आपल्याला निरोप पाठवला, ऑपरेशन झालेली मुलं घेऊन या. मी आनंदून गेले. तुम्ही नवं धोतर नेसून आलात. सभागृहात अंधार केला आणि भिंतीवर एक चित्र पडलं. पुरुषभर उंचीचा चेहरा, फाटलेला ओठ, डोळे मिटलेले. डॉक्टर इंग्रजीत बोलत होते. तुम्ही माझा हात ओढलात. "बाई, ही आपली पुष्पी?"

ती आपली पुष्पीच होती, ऑपरेशनच्या आधीची. पुष्पा तुमच्या मांडीवर बसून स्वतःकडं बघत होती.

तुम्ही उठून उभे राहिलात. मला धडकी भरली. पण तुम्ही ओरडला नाहीत. बाजारातला आवाज घरी ठेवून आला होतात. "डाक्टरसाहेब," तुम्ही म्हणालात, "ती माझी लेक हाय. पुष्पा नाव तिचं. आता पुडं बोला."

डॉक्टर थांबले. चांगला माणूस. हसले आणि म्हणाले, "माफ करा, मला सांगायला हवं होतं. ही पुष्पा." पुढचं सगळं ते मराठीतून बोलले आणि शेवटी आयांना प्रश्न विचारायला सांगितलं. बैठक संपायच्या वेळेनंतरही किती तरी वेळ चालली.

एसटी स्टँडवर आपण गाडीची वाट बघत बसलो होतो. पुष्पा पेरू खात होती. तुम्ही पटका सोडून पुन्हा बांधलात. मग एकाएकी तिला विचारलंत, "पुष्पे, बाजारात बाजंवर बसायला आवडतं का गं तुला?"

तिनं पेरूचा घास संपवला. "बसती की," ती म्हणाली. "पन तुमी माझं तोंड धरून दावता, ते नगं. मी आपली दावीन."

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. मी तुमच्याकडं. मी म्हणत होते, तिला बाजारात बसवूच नका. तुम्ही म्हणत होतात, विचारायचं काय. "दोघंबी हारलो, बाई," तुम्ही म्हणालात आणि इतक्या मोठ्यानं हसलात की कंडक्टरनं वळून पाहिलं.

तो वाद असा मिटला. दुसरा राहिला.

डॉक्टरांच्या संघटनेनं आपल्याला सुचवलं की मंडळ त्यांच्यात सामील करा. त्यांची शाखा व्हा, त्यांचे डॉक्टर अध्यक्ष होतील, कामाला शिस्त येईल. मला ते पटलं होतं, अजूनही त्यातलं बरंच पटतं. आपण काय, एक वर्ग आणि एक सायकल. उद्या माझी शाळा बदलली, तुमचा गुडघा दुखायला लागला, तर? मोठ्या झाडाला बांधलेलं बरं. तुम्ही मान हलवत राहिलात. तुमच्या-माझ्या शेवटच्या भेटीत आपण याच गोष्टीवरून भांडलो.

"बाई, डाक्टर बदली हुतो. बाप बदली हुत न्हाई."

"बाप मरतो, गेनूभाऊ," मी म्हणाले. चिडून म्हणाले.

"मरतो की!" तुम्ही हसलात. "पन तवर तर जाग्यावर असतो."

आणि मग बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, लिंबाखाली बसून तुम्ही पाणी मागितलंत आणि पाणी येईपर्यंत गेलात. निरोप घेऊन आलेल्या माणसाला मी तीनतीनदा विचारलं, कोण गेनूभाऊ? जणू जिल्ह्यात दुसरे कुणी गेनूभाऊ असते तर बरं झालं असतं. मी वर्गात परत गेले आणि फळ्यावर अर्धं लिहिलेलं वाक्य पुरं करता येईना. मुलींनी न सांगता वह्या मिटल्या.

रडून झालं आहे, गेनूभाऊ. आता बातमी सांगते.

गेल्या रविवारी मंडळाची सभा झाली. मला वाटलं होतं, चार माणसं येतील. वर्गात बसायला जागा उरली नाही. हिराबाई पुष्पाला घेऊन आल्या, तेराव्याचं सगळं उरकून. संघटनेचे चिटणीस पुण्याहून आले. तुमच्याबद्दल मनापासून बोलले, आणि मग त्यांनी तो जुना प्रश्न काढला: गेनूभाऊ गेले, आता मंडळाचं बघणार कोण? आमच्याकडं द्या, आम्ही नीट सांभाळू.

मी बोलायला उठणार होते. माझी तयारी होती. तेवढ्यात मागून शेवंता उभी राहिली. कडेवर तिचं पोर, आता चालायला लागलेलं, खाली उतरायला धडपडत होतं.

"साहेब, तुमी टाका घालता, तुमचे उपकार हायेत," ती म्हणाली. "पन लेकरू जल्मतं त्या दिशी तुमी नसता. सासू म्हनती टाकून दे, त्या दिशी तुमी नसता. त्या दिशी आमी जातो. त्ये तुमच्या हापिसातून कसं हुईल? तुमी या, आमच्यात बसा, आमाला शिकवा. मंडळ आमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

चिटणीसांनी वर्गातल्या आयांकडं पाहिलं. मग म्हणाले, "मग आमचा एक माणूस दर सभेला पाठवतो. चालेल?"

"चालंल की," शेवंता म्हणाली. "पन लवकर या. आमची एसटी जाती."

हात वर झाले. मीही केला. तुम्ही जिंकलात असं समजू नका. मी शेवंताला मत दिलं. आणि संघटनेचा माणूस आता दर महिन्याला येणार, त्यातला अर्धा विजय माझा आहे, तो मी सोडणार नाही.

सभा उठत आली होती. राहुरीकडचा एक नवा माणूस बायकोला आणि तान्ह्या मुलीला घेऊन आला होता. एकेकजण त्याला आपलं मूल दाखवत होता. त्याचं पाहून झालं आणि तो माझ्या खुर्चीपाशी आला. "बाई, तुमचं लेकरू कोनतं?" त्यानं साधेपणानं विचारलं.

इतक्या वर्षांत तुम्ही हे मला कधी विचारलं नाहीत. तुमच्या लेखी मी बाई, आणि बाईनं शिकवायचं, त्यात विचारायचं काय. विचारलं असतंत तर मी काहीतरी सांगून टाळलंही असतं.

"लेकरू नाही," मी म्हणाले. "बहीण होती. माई. थोरली."

 मग मी सांगितलं. माईचा ओठ आणि टाळू दोन्ही दुभंगलेले होते. आमचं शिकल्यासवरल्यांचं घर. तिला कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. फक्त पाहुणे आले की माजघराचं दार ओढून घ्यायचे. तिचं बोलणं घरात मला एकटीला कळायचं. ती काय म्हणते ते मी आईला सांगायची, आणि आई काय म्हणते ते तिला कळायचंच. माई फार विनोदी होती. पाहुण्यांच्या चालण्याच्या आवाजावरून ती त्यांच्या नकला करायची, आणि मी दाराआड तोंड दाबून हसायची. ती एकोणिसाव्या वर्षी तापानं गेली. तिच्या नावानं वर्तमानपत्रात दोन ओळीही आल्या नाहीत, कारण ती होती हेच पुष्कळांना माहीत नव्हतं. मी मुंबईला शिकायला गेले ती तिच्यामुळं. बाजेवर बसलेली पुष्पा पाहून माझ्या अंगाला कापरं भरलं तेही तिच्यामुळंच, आणि ते कसलं कापरं होतं, रागाचं का हेव्याचं, ते मला आज तुमच्यापुढं सांगता येत नाही.

कुणी हळहळलं नाही, कुणी धीर दिला नाही. हिराबाईंनी आपली मांडी थोडी आवरली, पुष्पाला पलीकडं सरकवलं आणि सतरंजीवर हात आपटला.

"मंग तिकडं खुर्चीवर काय बसलाय, बाई?" त्या म्हणाल्या. "इकडं या की. आमच्यात बसा."

मी खाली जाऊन बसले.